पेसमेकरच्या जागेवर पू आला तर: छाती न उघडता वायर काढण्याच्या उपचाराविषयी

पेसमेकर बसवून वर्ष-दोन वर्षे, कधी आठ-दहा वर्षेही लोटलेली असतात. कॉलर बोनच्या खाली ज्या जागी डबीचा उंचवटा हाताला लागतो, तेथील त्वचा एके दिवशी लालसर दिसते, स्पर्शाला गरम लागते, किंवा जुन्या टाक्यांच्या रेषेतून थेंबभर पाणी झिरपून बनियनला डाग पडतो. घरातील माणसे त्याला गळू समजतात, हळदीचा लेप लावतात, जवळच्या डॉक्टरांकडून पाच दिवसांच्या गोळ्या आणतात, आणि जागा सुकली की प्रश्न मिटला असे मानतात. बहुतेक वेळा तो मिटलेला नसतो. महिन्या-दोन महिन्यांनी तीच जागा पुन्हा फुटते, आणि तोवर जंतू वायरच्या कडेने हृदयापर्यंत पोहोचण्याची भीती असते. असा रुग्ण ज्यांच्या घरात आहे त्यांनी कोणत्या क्रमाने काय करावे, आणि छाती न उघडता वायर काढण्याचा उपचार प्रत्यक्षात कसा होतो, हे येथे सविस्तर मांडले आहे. पेसमेकरविषयी जे सांगितले आहे ते आयसीडी म्हणजे झटका देणारे यंत्र आणि सीआरटी म्हणजे तीन वायरींचे यंत्र यांनाही लागू आहे.

आत नेमके काय झालेले असते

आपण ज्याला सहज ‘मशीन’ किंवा ‘बॅटरी’ म्हणतो, ती डबी त्वचेखालच्या एका खिशात बसवलेली असते. तिच्यापासून निघालेली वायर, म्हणजे लीड, कॉलर बोनखालच्या शिरेत शिरते, तेथून शरीराच्या वरच्या भागाचे रक्त हृदयात आणणाऱ्या मोठ्या शिरेतून, जिला डॉक्टर एसव्हीसी म्हणतात, हृदयाच्या उजव्या बाजूस जाते आणि एखाद्या बारीक स्क्रूने किंवा नांगराच्या फाळासारख्या छोट्या काट्यांनी आतल्या भिंतीला धरून राहते. डबी आणि लीड ही एकच सलग वस्तू आहे, असे समजूनच पुढचा सगळा विचार करावा लागतो. डबीच्या खिशात जंतू आले तर त्यांच्यासाठी हृदयापर्यंतचा मार्ग आधीच आखलेला असतो.

या संसर्गात बहुतेक वेळा स्टॅफिलोकोकस जातीचे, त्वचेवर नेहमीच आढळणारे जंतू असतात. धातू, सिलिकॉन किंवा पॉलियुरेथेनच्या पृष्ठभागावर बसल्यावर ते स्वतःभोवती एक चिकट थर तयार करतात, त्याला बायोफिल्म म्हणतात. या थराखाली रक्तातून येणारे औषध पुरेसे पोहोचत नाही, शरीराच्या पांढऱ्या पेशीही पोहोचत नाहीत, आणि थरातील जंतूंची वाढ मंद असल्यामुळे वाढणाऱ्या जंतूंवर चालणारी औषधे त्यांच्यावर निष्प्रभ ठरतात. म्हणूनच गोळ्या सुरू असेपर्यंत जागा शांत दिसते आणि त्या थांबल्या की पुन्हा चिघळते. यात औषध वाईट नसते, आणि ते देणाऱ्या डॉक्टरांचीही नेहमीच चूक असते असे नाही. निर्जीव वस्तूवर बसलेला जंतू ती वस्तू शरीरात असेपर्यंत जात नाही, एवढेच त्याचे कारण आहे.

अमेरिकेतील हार्ट ऱ्हिदम सोसायटीचे २०१७ चे आणि युरोपीय हार्ट ऱ्हिदम असोसिएशनचे २०२० चे मार्गदर्शन या बाबतीत एकमताचे आहे: संसर्ग निश्चित झाला की डबी आणि सर्व लीड, वापरात नसलेल्या जुन्या लीडसह, संपूर्ण काढाव्यात. संसर्ग केवळ खिशापुरता दिसत असला तरी हेच लागू होते. डबी त्वचा फाडून बाहेर डोकावू लागली असेल, तर पू असो वा नसो, ती संसर्गितच समजावी.

यास एक अपवाद आहे आणि तो नीट ओळखणे आवश्यक आहे. डबी बसवल्यानंतर पहिल्या काही दिवसांत टाक्याच्या टोकापाशी त्वचेवरच छोटीशी पुळी आली आणि खालच्या खिशाशी तिचा संबंध नसेल, तर सात ते दहा दिवसांच्या गोळ्यांनी ती बरी होऊ शकते. मात्र ही पुळी वरवरची आहे की खोल, हे ठरवण्याचा अधिकार घरच्यांनी किंवा केमिस्टने घेऊ नये. ज्या विभागात यंत्र बसवले त्या विभागाच्या डॉक्टरांनी ती प्रत्यक्ष पाहिली पाहिजे.

लक्षण दिसल्यापासून पहिले दोन दिवस

पहिले काम म्हणजे जागेचा दिवसाच्या उजेडात, तारीख दिसेल असा फोटो काढून ठेवणे, आणि तो रोज एकाच अंतरावरून काढणे. लाली किती वाढली हे आठवणीवर सोडले की दवाखान्यात सांगताना गोंधळ होतो. दुसरे काम म्हणजे ताप मोजून लिहून ठेवणे. हुडहुडी भरून येणारा ताप, रात्रीचा घाम, भूक मंदावणे, विनाकारण वजन घटणे, कोरडा खोकला किंवा श्वास घेताना छातीत टोचणे ही लक्षणे खिशावर काहीही दिसत नसताना येऊ शकतात. ज्याच्या हृदयात वायर आहे त्याला कारण न सापडलेला ताप आठवडाभर राहिला, तर तो मलेरिया किंवा टायफॉइडचा म्हणून औषधे घेत बसण्यापूर्वी वायरचा विचार झाला पाहिजे, आणि डॉक्टरांच्या तो लक्षात आला नाही तर रुग्णाने स्वतः त्याची आठवण करून द्यावी. माझ्या मते संपूर्ण उपचारातील सर्वांत जास्त वेळ येथेच वाया जातो.

तिसरी गोष्ट न करण्याची आहे, आणि तिच्यावर माझा विशेष भर आहे. जागा दाबून पू काढू नये. त्यावर लेप, पोटीस किंवा गरम शेक देऊ नये. कोणी ‘सुई घालून पाणी काढून तपासू’ असे म्हटले तर नम्रपणे नकार द्यावा, कारण खिशात सुई घातल्याने निर्जंतुक खिसाही दूषित होऊ शकतो, आणि वायरचे आवरण फाटण्याचा धोका असतो. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. आणि शक्य असेल तर, म्हणजे रुग्ण गंभीर नसेल तर, ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातील जंतू प्रयोगशाळेत वाढवून ओळखण्याची तपासणी, घेतल्याशिवाय प्रतिजैविक सुरू करू नये. औषधाचा एक डोस जरी आधी गेला, तरी कल्चरमध्ये जंतू न उगवण्याची शक्यता वाढते, आणि मग पुढचे अनेक आठवडे अंदाजाने औषध द्यावे लागू शकते. रुग्णाचा रक्तदाब घसरला असेल किंवा तो गुंगीत असेल तर मात्र ही वाट पाहायची नसते. तेव्हा रक्ताचे नमुने घेऊन तत्काळ औषध सुरू करावे.

दवाखान्यात जाताना सोबत पेसमेकरचे कार्ड असावे. त्यावर डबीचा आणि प्रत्येक लीडचा मॉडेल क्रमांक आणि ती बसवल्याची तारीख असते. लीड किती वर्षांची आहे, यावर ती काढण्याची अवघडता मोठ्या प्रमाणात अवलंबून असते, म्हणून ही एक ओळ डॉक्टरांना रुग्णाच्या इतर फाईलपेक्षा आधी हवी असते. कार्ड हरवले असेल तर ज्या रुग्णालयात यंत्र बसवले तेथील नोंदीतून किंवा यंत्र बनवणाऱ्या कंपनीच्या प्रतिनिधीकडून ती माहिती मिळवता येते.

निदान कसे पक्के करतात

वेगवेगळ्या जागांतून दोन किंवा तीन वेळा रक्त घेऊन कल्चर लावतात. छातीवरून केलेली इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, बहुतेक ठिकाणी लगेच होते, पण ती स्वच्छ आली म्हणून समाधान मानू नये. लीडवर चिकटलेला जंतूंचा आणि रक्ताच्या गाठीचा गोळा, ज्याला व्हेजिटेशन म्हणतात, अन्ननलिकेतून केलेल्या इकोमध्ये, म्हणजे टीईईमध्ये, अधिक स्पष्ट दिसतो. ही तपासणी रिकाम्या पोटी आणि सौम्य गुंगी देऊन करतात. गोळ्याची लांबी मिलिमीटरमध्ये लिहून मागावी, कारण पुढचा मार्ग त्यावर ठरतो. याच तपासणीत हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधील पडद्याला जन्मापासूनचे छिद्र आहे का, हेही पाहतात. असे छिद्र असेल तर उजव्या बाजूचा सुटलेला तुकडा डावीकडे जाऊन मेंदूपर्यंत पोहोचू शकतो. चित्र संदिग्ध असेल तेव्हा काही मोठ्या केंद्रांत पेट-सीटी स्कॅन करतात. त्यात दाह असलेली जागा उजळून दिसते.

नेहमीच्या कल्चरमध्ये काहीच उगवत नाही आणि खिसा मात्र महिनोन्‌महिने झिरपत राहतो, असे दिसल्यास क्षयाच्या जंतूंच्या जातकुळीतील, पण क्षय न करणाऱ्या मायकोबॅक्टेरिया जंतूंची वेगळी तपासणी सांगावी. भारतात अशा संसर्गाच्या नोंदी झालेल्या आहेत. त्यांची औषधे वेगळी असतात आणि ती अनेक महिने घ्यावी लागतात.

कोठे न्यावे, आणि काय विचारावे

लीड काढणे हे पेसमेकर बसवण्यापेक्षा निराळे आणि कितीतरी अवघड कौशल्य आहे. उत्तम पेसमेकर बसवणारे डॉक्टर हे काम करत नसतील तर त्यात कमीपणा नाही, आणि त्यांनी रुग्णाला दुसरीकडे पाठवले तर त्याबद्दल त्यांचे आभारच मानावेत. हार्ट ऱ्हिदम सोसायटीच्या निकषांनुसार हे काम शिकणाऱ्याने मुख्य हात म्हणून किमान ४० लीड काढलेल्या असाव्यात आणि पुढे दरवर्षी किमान २० काढत राहावे. म्हणून रुग्णाच्या मुलाने किंवा मुलीने सरळ विचारावे: आपण वर्षाला किती लीड काढता, लीडभोवतीचे तंतू सोडवणारी लेसरची किंवा फिरत्या पात्याची नळी आपल्याकडे आहे का, आणि शस्त्रक्रिया चालू असताना छाती उघडू शकणारे सर्जन याच इमारतीत, तयार स्थितीत असतात का. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘बोलावल्यावर येतात’ असे आले, तर तेथे हे काम करून घेऊ नये. खर्चाचा प्रश्न असल्यास रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे महात्मा फुले जन आरोग्य योजनेची चौकशी पहिल्याच दिवशी करावी, कारण मंजुरीला वेळ लागतो.

या टप्प्यावर अनेक कुटुंबांपुढे एक सोपा वाटणारा पर्याय ठेवला जातो: खिसा उघडून धुऊन टाकू, तीच डबी स्नायूच्या खाली बसवू, किंवा डबी काढून वायर तेथेच कापून ठेवू. कमी खर्च, कमी धोका आणि दोन दिवसांत घरी, हे ऐकायला दिलासादायक असते. पण संसर्ग पक्का असताना असे करणे म्हणजे जंतूंना आत ठेवून वरून शिवणे होय. त्यातही वायर आखूड कापून सोडण्याचा मार्ग सर्वांत नुकसानीचा आहे, कारण कापलेले टोक आत सरकून शिरेत नाहीसे होते, आणि पुढे जेव्हा ती काढावीच लागते तेव्हा तिला धरायला काही उरत नाही. वयोवृद्ध, अत्यंत क्षीण किंवा अन्य असाध्य आजाराने ग्रासलेल्या रुग्णात लीड काढण्याचा धोका खरोखरच फायद्याहून अधिक असू शकतो. अशा वेळी दीर्घकाळ, कधी आयुष्यभर, गोळ्या देऊन संसर्ग दाबून ठेवतात. तो विचारपूर्वक घेतलेला निर्णय असावा, आणि त्याने संसर्ग बरा होणार नाही हे रुग्णाला स्पष्ट सांगितलेले असावे.

विलंब कितपत परवडतो, याचे उत्तर अमेरिकेतील मेडिकेअर या, मुख्यतः वृद्धांसाठीच्या सरकारी आरोग्यविमा योजनेच्या रुग्णांच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात मिळते. यंत्राला संसर्ग झालेल्या अकरा हजारांहून अधिक रुग्णांपैकी एक पंचमांशाहूनही कमी जणांची लीड महिन्याभरात काढली गेली होती. ज्यांची काढली त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण कमी होते, आणि निदानानंतर सहा दिवसांच्या आत काढलेल्यांत ते आणखी कमी होते. साधनसंपन्न देशाची ही स्थिती आहे, हे लक्षात घ्यावे.

शस्त्रक्रियेचा दिवस

नवी लीड, साधारण वर्षाच्या आतली, बऱ्याचदा नुसती हलक्या हाताने ओढली तरी निघते. जुन्या लीडभोवती मात्र शरीर तंतुमय पेशींचे आवरण विणते. कॉलर बोनखाली शिरेत शिरते ती जागा, एसव्हीसीची भिंत, हृदयाच्या उजव्या दोन कप्प्यांमधील त्रिदली झडप आणि टोक रुतलेली जागा, या ठिकाणी ते विशेष घट्ट असते, आणि कालांतराने त्यात कॅल्शियम साठून ते हाडासारखे कठीण होते. आयसीडीच्या लीडवर झटका देणारी गुंडाळी असते, तिच्या वेढ्यांत पेशी शिरून बसतात, म्हणून ती काढणे अधिक अवघड. एके काळी अशा लीडला दोरी बांधून, कप्पीवरून वजन टांगून रुग्णाला दिवसेंदिवस पलंगावर झोपवून ठेवत असत. आजची पद्धत या ओढण्याच्या कल्पनेपासून पुष्कळ पुढे गेली आहे, आणि ती कशी चालते हे समजले की संमतीपत्रावर सही करताना मनावरचे दडपण कमी होते.

आदल्या दिवशी यंत्राची तपासणी करून रुग्णाचे हृदय स्वतःच्या बळावर किती ठोके देते ते पाहतात. ज्याचे ठोके जवळजवळ पूर्णपणे पेसमेकरवर आहेत, त्याला जांघेतील किंवा गळ्यातील शिरेतून तात्पुरती वायर आधीच घालतात. आयसीडी असल्यास झटका देण्याची क्रिया बंद करतात, नाहीतर शस्त्रक्रियेत विजेने पेशी कापणाऱ्या आणि रक्तस्राव थांबवणाऱ्या कॉटरी या साधनाच्या विजेला ते यंत्र हृदयाचा बिघाड समजून झटका देईल. रक्तगट जुळवलेल्या पिशव्या खोलीजवळ आणून ठेवतात.

हे काम ऑपरेशन थिएटरमध्ये किंवा सुसज्ज कॅथलॅबमध्ये, बहुधा पूर्ण भूल देऊन करतात. हनुवटीपासून मांड्यांपर्यंत सगळे शरीर निर्जंतुक करून मोकळे ठेवतात, कारण गरज पडली तर क्षणाचाही वेळ न घालवता छाती उघडता आली पाहिजे. मनगटाच्या धमनीतून रक्तदाब सतत मोजला जातो, आणि अन्ननलिकेतील इको शेवटपर्यंत चालू असते. अनेक केंद्रांत जांघेतून एक ताठ तार एसव्हीसीपर्यंत नेऊन ठेवतात. मोठी शीर फाटल्यास याच तारेवरून खास बनवलेला लांबट फुगा वर सरकवून फुगवतात. तो आतून भेगेवर दाब देऊन रक्तस्राव रोखतो आणि सर्जनला छाती उघडण्यासाठी काही मोलाची मिनिटे मिळतात.

मग जुन्या टाक्यांवरच छेद घेऊन खिसा उघडतात. डबी काढतात, पू आणि खिशाच्या आतील पेशी कल्चरसाठी पाठवतात, आणि खिशाभोवती बनलेले तंतुमय अस्तर शक्य तितके खरवडून, कापून काढतात, कारण जंतूंचा बराच साठा त्यातच असतो. लीड स्नायूला बांधलेले टाके सोडवतात. टोकाला स्क्रू असेल तर तो उलटा फिरवून मागे घेण्याचा प्रयत्न करतात. त्यानंतर लीडचे बाहेरचे टोक नीट कापून तिच्या पोकळ गाभ्यात एक बारीक, कडक तार थेट आतल्या टोकापर्यंत घालतात आणि तेथे ती पकड घेते. याला लॉकिंग स्टायलेट म्हणतात. यामुळे ओढ लीडच्या संपूर्ण लांबीवर न पडता थेट टोकावर पडते, आणि लीड मध्येच ताणून तुटण्याचा धोका कमी होतो.

या ताठ झालेल्या लीडवरून, जणू रुळावरून डबा सरकवावा तशी, एक नळी आत सरकवतात. ही नळी साधी प्लास्टिकची असू शकते, टोकाला फिरते पाते असलेली असू शकते, किंवा लेसरची असू शकते. लेसरच्या नळीच्या कडेतून ३०८ नॅनोमीटर तरंगलांबीचा अतिनील प्रकाश निघतो. तो मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंतच, किंवा त्याहूनही कमी खोल काम करतो, म्हणून नळीला टेकलेले तंतू विरघळतात आणि पलीकडचे शाबूत राहतात. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या प्लेक्सेस चाचणीत ३०१ रुग्ण होते. त्यात लेसरच्या गटात ९४ टक्के लीड पूर्ण निघाल्या, तर त्या काळच्या साध्या नळ्यांच्या गटात ६४ टक्के. नंतर फिरत्या नळ्या आल्या, आणि आज अनुभवी हातात दोन्हींचे निकाल चांगले आहेत. सर्वच केंद्रांत लेसर नसतो. केवळ लेसर नाही म्हणून अनुभवी डॉक्टरांना सोडून जाणे मला योग्य वाटत नाही.

सर्वांत नाजूक क्षण शेवटी येतो. नळी हृदयाच्या भिंतीजवळ पोहोचली की डॉक्टर ती भिंतीलगत स्थिर धरतात आणि लीड त्या नळीच्या आत ओढतात. नळीची कड भिंतीला आधार देते, त्यामुळे ओढ भिंतीवर न पडता फक्त टोकाभोवतीच्या तंतूंवर पडते आणि लीड सुटते. असा आधार न देता नुसते ओढले तर पातळ भिंत आतल्या बाजूस खेचली जाऊन फाटू शकते. लीड मध्येच तुटली, किंवा तिचे टोक आधीच कोणी कापून ठेवलेले असले, तर जांघेतील शिरेतून फासासारखे साधन वर नेऊन ते टोक पकडतात. इटलीतील पिसा येथील केंद्राने गळ्यातील शिरेतून लीड काढण्याची पद्धतही विकसित केली आहे.

धोका स्पष्ट सांगितला पाहिजे. शिरेची किंवा हृदयाची भिंत फाटून हृदयाभोवती रक्त साठणे, त्रिदली झडपेला इजा होणे, आणि क्वचित मृत्यू, हे या शस्त्रक्रियेचे खरे धोके आहेत. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या इलेक्ट्रा या लीड काढलेल्या रुग्णांच्या युरोपीय नोंदणीत १९ देशांतील ७३ केंद्रांचे ३,५५५ रुग्ण होते. त्यांपैकी ९६.७ टक्के रुग्णांत उपचार यशस्वी ठरला, शस्त्रक्रियेशी संबंधित मोठी गुंतागुंत, मृत्यू धरून, १.७ टक्क्यांत झाली, आणि अशा मृत्यूंचे प्रमाण ०.५ टक्का होते. वर्षाला ३० पेक्षा कमी शस्त्रक्रिया करणाऱ्या केंद्रांचे निकाल त्याच नोंदणीत तुलनेने कमी चांगले होते. केंद्र निवडताना विचारायचा पहिला प्रश्न त्यामुळेच महत्त्वाचा.

लीडवर मोठा गोळा असेल तर

लहान व्हेजिटेशन लीड निघताना सुटून फुप्फुसात जाते आणि औषधांनी बहुधा तेथेच विरते. दोन सेंटिमीटरहून मोठा गोळा मात्र फुप्फुसाची मोठी धमनी अडवू शकतो. पूर्वी अशा रुग्णाची छाती उघडण्यावाचून मार्ग नसे. आता काही केंद्रांत लीड काढण्यापूर्वी जांघेतून किंवा गळ्यातून जाड नळी उजव्या कप्प्यापर्यंत नेऊन गोळा शोषून घेतात. पंपाने खेचलेले रक्त गाळणीतून जाते, गोळ्याचे तुकडे गाळणीत अडकतात, आणि शुद्ध झालेले रक्त दुसऱ्या शिरेतून परत शरीरात सोडतात. झडपच खराब झाली असेल, किंवा वर सांगितलेले पडद्याचे छिद्र असून गोळा मोठा असेल, तर उघडी शस्त्रक्रिया अधिक सुरक्षित ठरू शकते, आणि तसा सल्ला मिळाल्यास तो स्वीकारण्यात हयगय करू नये.

मधले दिवस

यंत्र निघाले तरी उपचार संपत नाही. डबीवरची त्वचा केवळ फाटली होती आणि इतर संसर्ग नव्हता, तर सात ते दहा दिवस, खिशात संसर्ग असल्यास दहा ते चौदा दिवस, रक्तात जंतू सापडले असल्यास किमान दोन आठवडे, आणि झडपेवर संसर्ग असल्यास चार ते सहा आठवडे प्रतिजैविके देतात, त्यांतील बरीचशी शिरेतून. हे दिवस लीड काढल्यापासून मोजायचे असतात, औषध पहिल्यांदा सुरू झाल्यापासून नव्हे. मूत्रपिंडावर परिणाम करणारी औषधे असतील तर मूत्रपिंडाचे काम दाखवणारी क्रिएटिनिन ही रक्ततपासणी ठरावीक अंतराने करावी.

ज्यांना पेसमेकरशिवाय राहता येत नाही, त्यांच्या गळ्यातील शिरेतून स्क्रूची लीड घालून ती त्वचेवर चिकटवलेल्या बाहेरच्या पेसमेकरला जोडतात. जांघेतील तात्पुरत्या वायरमुळे रुग्णाला सतत पडून राहावे लागते. या पद्धतीत तो उठून बसतो, खोलीत चालतो, स्वतःच्या हाताने जेवतो, आणि वृद्ध माणसाच्या बाबतीत एवढ्यानेच फुप्फुसाचे आणि पायातील रक्ताच्या गुठळ्यांचे पुष्कळ त्रास टळतात. घरच्यांनी मात्र ती वायर कपड्यात, साडीच्या पदरात किंवा पांघरुणात अडकणार नाही याची काळजी घ्यावी. जखम काही वेळा उघडी ठेवून रोज ड्रेसिंग करतात किंवा तिला व्हॅक्यूम ड्रेसिंग लावतात.

नवा पेसमेकर कधी, कोठे, आणि हवा आहे का

लीड काढल्यानंतर पुन्हा ब्लड कल्चर घेतात. ती किमान ७२ तास जंतूविरहित राहिल्यावरच नवे यंत्र बसवता येते, आणि झडपेवर संसर्ग असेल तर किमान चौदा दिवस थांबतात. नवे यंत्र विरुद्ध बाजूस बसवावे. जुन्या खिशात ते पुन्हा बसवू नये, तो कितीही भरून आलेला दिसला तरी.

त्याआधी मात्र एक प्रश्न आवर्जून विचारावा: यंत्राची गरज अजून आहे का? अनेकांना ते ज्या कारणासाठी बसवले होते ते कारण आता उरलेले नसते, हृदयाची ताकद सुधारलेली असते, किंवा ठोके पुरेसे असतात. काही अभ्यासांत संसर्गाने यंत्र काढलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश रुग्णांना नवे लागले नाही. गरज असल्यास वायर नसलेला, कॅप्सूलएवढा, थेट हृदयात बसणारा पेसमेकर आज मिळतो. अमेरिकेत त्याला २०१६ साली मान्यता मिळाली. शिरेत न जाता त्वचेखालूनच झटका देणारे आयसीडीही आहे. एकदा संसर्ग झालेल्या रुग्णासाठी या दोन्हींचा विचार डॉक्टरांशी मोकळेपणाने करावा. दोन्हींना मर्यादा आहेत. त्वचेखालचे आयसीडी नेहमीचे ठोके देण्याचे काम करत नाही, आणि वायरविना पेसमेकर प्रत्येक प्रकारच्या बिघाडाला पुरेसा नसतो.

पुढच्या वेळी बॅटरी बदलताना

संसर्गाचा धोका पहिल्यांदा यंत्र बसवताना जितका असतो, त्याहून बॅटरी बदलताना किंवा खिसा पुन्हा उघडताना अधिक असतो. मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार, स्टिरॉइडच्या गोळ्या आणि रक्त पातळ करणारी औषधे यांमुळे तो वाढतो. शस्त्रक्रियेनंतर खिशात रक्ताची मोठी गाठ झाली तर पुढच्या वर्षभरात संसर्गाची शक्यता सातपटींहून अधिक होते, असे ब्रूज कंट्रोल अभ्यासाच्या पाठपुराव्यात आढळले. म्हणून वॉरफरिनसारखी गोळी चालू असेल तर ती चालू ठेवून शस्त्रक्रिया करायची की कसे, हे आधी ठरवावे. गोळी थांबवून मधल्या काळात हेपरिन या रक्त पातळ करणाऱ्या औषधाचे इंजेक्शन देण्याने गाठ होण्याचे प्रमाण वाढते. छेद घेण्यापूर्वी तासाभरात प्रतिजैविकाचा डोस दिलाच पाहिजे. ज्यांना धोका अधिक आहे त्यांच्यासाठी डबी औषध लावलेल्या जाळीच्या पाकिटात घालून बसवता येते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या रॅप-इट चाचणीत ६,९८३ रुग्णांत संसर्गाचे प्रमाण अशा पाकिटाने १.२ वरून ०.७ टक्क्यांवर आले. ते महाग असते, म्हणून आपला रुग्ण खरोखरच त्या धोक्याच्या गटात आहे का, हे डॉक्टरांना विचारून निर्णय घ्यावा.

घरी परतताना फाईलमध्ये चार कागद आहेत याची खात्री करूनच रुग्णालय सोडावे: कोणती लीड पूर्ण निघाली आणि कोणत्या लीडचा तुकडा आत राहिला हे सांगणारा शस्त्रक्रियेचा अहवाल, लीड काढल्यानंतर घेतलेला छातीचा एक्स-रे, कल्चरमध्ये कोणता जंतू उगवला आणि कोणती औषधे त्यावर चालतात याचा रिपोर्ट, आणि नव्या यंत्राचे कार्ड. वायरचा तुकडा आत राहिला असेल तर ती नोंद विशेष जपावी, कारण पुढे कधीही ताप आला तर तपासणाऱ्या डॉक्टरांना तो कागद सर्वांत आधी दाखवावा लागेल.